मागून दिसणारं मैदान

व्हिएन्नात फुटबॉलची दोन नावाजलेली मैदानं. एक प्राटरच्या झाडीतलं, 1931 साली बांधलेलं. 2008 च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना तिथंच झाला. दुसरं शहराच्या पश्चिम टोकाला, ह्युटलडॉर्फ उपनगरातलं, रॅपिड क्लबचं. पहिल्याला आज एर्न्स्ट हापेलचं नाव आहे. दुसऱ्याला 1981 पासून 2014 साली पाडेपर्यंत गेरहार्ड हानापीचं नाव होतं. हानापी शिक्षणाने वास्तुविशारद, आणि ते मैदान उभं राहिलं ते त्यानेच काढलेल्या आराखड्यावरून. दोघेही रॅपिडचे. 1954 च्या विश्वचषकात दोघेही ऑस्ट्रियाच्या बचावफळीत खेळले. जगभर मैदानांना नावं दिली जातात, पुतळे उभारले जातात, ते बहुतेक गोल करणाऱ्यांचे. व्हिएन्नाने तो मान गोल अडवणाऱ्यांना दिला.

हा लेख हापेलवर आहे. फुटबॉल वाचणाऱ्या माणसाला हापेल माहीत असतो तो प्रशिक्षक म्हणून: रॉटरडॅम आणि हॅम्बुर्ग इथल्या दोन वेगवेगळ्या क्लबांना युरोपियन कप जिंकून देणारा पहिला माणूस. त्याच्यावर लिहिणारे खेळाडू हापेलला दोन-चार ओळींत उरकतात आणि रॉटरडॅमकडे वळतात. मला हे पटत नाही. रॉटरडॅमला आणि हॅम्बुर्गला जे घडलं त्याचं बी ह्युटलडॉर्फच्या जुन्या मैदानावर पडलेलं होतं. सतरा-अठरा वर्षं बचावाच्या मध्यभागी उभं राहून या माणसाने जे पाहिलं, तेच त्याने पुढची तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं.

हापेलचा जन्म 29 नोव्हेंबर 1925 चा, व्हिएन्नाचाच. वाढला ह्युटलडॉर्फमध्ये, आजीजवळ. रॅपिडचं तेव्हाचं मैदान, फारविझे, तिथून हाकेच्या अंतरावर. रॅपिड हा कामगारांचा क्लब. सामन्याची शेवटची पंधरा मिनिटं उरली की सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागतं, संघ मागे असो वा पुढे. ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आजही पाळली जाते. हापेल लहान होता तेव्हा प्रशिक्षक हुगो माइझलच्या ऑस्ट्रियन राष्ट्रीय संघाचा, 'वुंडरटीम'चा, बोलबाला होता. आखूड पास, पायात खेळवलेला चेंडू, धसमुसळेपणाचा तिटकारा ही त्या संघाची ओळख. कॉफीगृहांतल्या टेबलांभोवती वकील, लेखक आणि फुटबॉलपटू एकत्र बसून या खेळाचा कीस काढत. त्या शहरात बचावपटूकडूनही चेंडूशी नीट वागण्याची अपेक्षा असे. चेंडू आला की गॅलरीत भिरकावून देणारा माणूस तिथे फार काळ टिकला नसता.

तेराव्या वर्षी तो रॅपिडच्या मुलांच्या संघात दाखल झाला. पहिल्या संघात आला तो युद्ध चालू असतानाच, आणि लगोलग त्याला सैन्यात जावं लागलं. त्या पिढीच्या सगळ्याच युरोपियन खेळाडूंची उमेदीची वर्षं अशी मधून कापली गेली आहेत. परत आला तेव्हा रॅपिडला नव्याने संघ बांधायचा होता. 1946 ला रॅपिड विजेता, 1948 ला विजेता, मग 1951, 1952, 1954 आणि 1957. या सहाही संघांत हापेल होता. 1947 मध्ये तो ऑस्ट्रियाकडून पहिला सामना खेळला आणि 1958 पर्यंत एकूण 51 सामने खेळला. त्यात त्याचे 5 गोलही आहेत.

रॅपिडच्या त्या बचावफळीत त्याच्या जोडीला माक्स मेर्केल होता. हा मेर्केलही पुढे प्रशिक्षक झाला. 1966 ला म्युनिच 1860 ला आणि 1968 ला न्युर्नबर्गला त्याने जर्मन विजेतेपद मिळवून दिलं. एकाच क्लबच्या एकाच बचावफळीतून असे दोन प्रशिक्षक निघावेत, याला मी निव्वळ योगायोग म्हणणार नाही. त्या फळीत खेळाबद्दल विचार चालत होता.

विचार कशाचा, ते समजून घ्यायला हवं. त्या काळी युरोपात बहुतेक संघ तीन बचावपटू ठेवत आणि प्रत्येकाला प्रतिस्पर्ध्याचा एकेक माणूस वाटून देत. तो जाईल तिथे तू जायचं. ऑस्ट्रिया मात्र जुन्या पद्धतीला चिकटून होता: मधला हाफ मोकळा, पुढे जाऊन खेळ रचणारा. एर्न्स्ट ओत्सव्हिर्क हा त्या जातीचा शेवटचा मोठा खेळाडू. 1949 साली रॅपिडचा संघ ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला. तिथले बचावपटू माणूस धरण्यापेक्षा जागा धरत होते. आपल्या टापूत जो येईल तो आपला. रॅपिडने परतल्यावर आपली मांडणी बदलली. मधला एक माणूस मागे घेतला, बाकीचे जागेने उभे राहिले. 1950-51 च्या हंगामात रॅपिडने लीगमध्ये शंभराहून अधिक गोल मारले. मागची घडी बसली की पुढचे किती मोकळे होतात याचा हा पुरावा, आणि त्या घडीच्या मध्यभागी हापेल होता.

खेळाडू म्हणून तो कसा होता? धावण्याचा त्याला कंटाळा होता असं त्याच्याबद्दल सांगतात आणि ते खरं असावं. पत्ते, सिगारेट, रात्रीची मैफल हे सगळं त्याच्या व्हिएन्नी स्वभावात मुरलेलं. पण चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कळे, म्हणून धावावं लागत नसे. चेंडूवर त्याची हुकमत इतकी की फ्री किक आणि पेनल्टी घ्यायला संघ त्याच्याकडे पाही. प्रशिक्षक झाल्यावरची त्याची एक गोष्ट वेगवेगळ्या क्लबांच्या नावावर सांगितली जाते: गोलच्या आडव्या दांडीवर रिकामा डबा ठेवायचा, लांबून एका फटक्यात पाडायचा, आणि खेळाडूंना सांगायचं, आता तुम्ही करा. गोष्टीला तिखटमीठ लागलं असेलही. ज्याने त्याच्या फ्री किक पाहिल्या होत्या त्याला मात्र ती खोटी वाटली नसती.

1954 चा विश्वचषक स्वित्झर्लंडमध्ये होता. हापेल तेव्हा 28 वर्षांचा, ऐन भरात. 26 जून, लोझान, उपांत्यपूर्व सामना यजमानांशी. दुपारचं ऊन असं की पारा चाळिशीच्या आसपास. सामना सुरू होऊन 19 मिनिटं झाली आणि स्वित्झर्लंड 3-0 ने पुढे. ऑस्ट्रियाचा गोलरक्षक कुर्ट श्मीड याला ऊन लागलं होतं. त्याला समोरचं नीट दिसेना, उमजेना. बदली खेळाडू घेण्याची सोय तेव्हा नव्हती. संघाचा मालिशवाला गोलच्या मागे जाऊन उभा राहिला आणि चेंडू कुठून येतोय ते त्याला ओरडून सांगू लागला. कल्पना करा: मागे गोलरक्षक असून नसल्यासारखा, पुढे ऐंशी-नव्वद यार्ड तापलेलं गवत, समोर स्वतःच्या प्रेक्षकांसमोर चेकाळलेला संघ, आणि मध्ये उभा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू हापेल.

मग पंचविसाव्या मिनिटापासून तीन मिनिटांत ऑस्ट्रियाने तीन गोल फेडले. मध्यंतराला 5-4 ने ते पुढे होते, त्यातही एक पेनल्टी वाया घालवून. थिओडोर वाग्नरने तीन गोल मारले. शेवट 7-5. विश्वचषकाच्या एका सामन्यात बारा गोल पुन्हा कधी झाले नाहीत. हा सामना आक्रमकांच्या नावाने लक्षात राहिला आहे, ते साहजिकच. पण स्कोअरमधले पाच गोल पाहून ऑस्ट्रियाचा बचाव कुचकामी होता म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की तिसऱ्या गोलनंतरच्या सत्तर मिनिटांत, गोलरक्षक अर्धवट शुद्धीत असताना, स्वित्झर्लंडला फक्त दोन गोल मिळाले.

चार दिवसांनी, 30 जूनला बाझलमध्ये पश्चिम जर्मनीशी उपांत्य सामना. गोलमध्ये आता वाल्टर त्सेमान, रॅपिडचाच. मध्यंतराला 0-1, म्हणजे हातचं काही गेलेलं नव्हतं. नंतरच्या 45 मिनिटांत पाच गोल खाल्ले. फ्रिट्झ आणि ओट्मार वाल्टर या दोघा भावांचे दोन-दोन, त्यात फ्रिट्झच्या दोन पेनल्टी. 6-1. उरुग्वेला हरवून ऑस्ट्रिया तिसरा आला. त्या देशाची विश्वचषकातली ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे. तरी बाझलचा डाग पुसला गेला नाही, आणि टीका झाली ती साहजिकच मागच्या माणसांवर. एकदा मांडणी विस्कटली की एकट्या बचावपटूचं कौशल्य कवडीमोलाचं ठरतं. बाझलमध्ये हे त्याला अंगावर झेलून कळलं. पुढे त्याच्या संघांनी बचाव केला तो नेहमी अकरा जणांनी मिळून, आणि मला त्याचं मूळ इथे दिसतं.

विश्वचषकानंतर तो पॅरिसला रेसिंग क्लबकडे गेला, दोन वर्षं खेळला आणि 1956 ला रॅपिडला परतला. तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. व्हिएन्नात अनेकांनी त्याला जमेत धरलं नसेल. खेळाडू म्हणून त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रात्र मात्र अजून यायची होती.

युरोपियन कपचं ते दुसरंच वर्ष. पहिल्या वर्षीचा विजेता रेआल माद्रिद, आणि रॅपिडची गाठ थेट त्यांच्याशी. माद्रिदमधला पहिला सामना रेआलने 4-2 ने जिंकला. 14 नोव्हेंबर 1956 ला व्हिएन्नात परतीचा सामना. समोर अल्फ्रेदो दि स्तेफानो, खेन्तो, त्या काळातला महागडा ताफा. पहिल्या 45 मिनिटांत रॅपिडने तीन गोल मारले आणि तिन्ही मारले मागच्या माणसाने, हापेलने. दोन फ्री किकवर, एक पेनल्टीवर. चालत्या खेळात आपली जागा न सोडता, चेंडू जमिनीवर स्थिर ठेवून केलेली हॅटट्रिक. रेआलच्या तोंडचं पाणी पळालं. उत्तरार्धात दि स्तेफानोने एक गोल फेडला. सामना 3-1, आणि दोन्ही मिळून 5-5.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवायलाच हवी. परक्या मैदानावरच्या गोलांना जास्त वजन देण्याचा नियम तेव्हा नव्हता. तो युरोपात 1965 साली आला. तो असता तर माद्रिदमध्ये दोन गोल केलेला रॅपिड पुढे गेला असता आणि व्हिएन्नात एकच गोल केलेला रेआल घरी. नियम नव्हता म्हणून तिसरा सामना आला. तो तटस्थ जागी व्हायला हवा होता, पण उत्पन्नाच्या बदल्यात रॅपिडने पुन्हा माद्रिदलाच खेळायचं कबूल केलं. डिसेंबरात रेआलने तो 2-0 ने जिंकला. त्या वर्षी कप त्यांनी राखला, आणि 1956 ते 1960 असा सलग पाच वेळा जिंकला. ज्या साम्राज्याची कहाणी फुटबॉलच्या प्रत्येक पुस्तकात आहे, ते दुसऱ्याच पायरीवर एका ऑस्ट्रियन स्टॉपरने हलवून सोडलं होतं. रॅपिडच्या कारभाऱ्यांनी पैशाकडे पाहिलं नसतं तर पुढे काय झालं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. हातातोंडाशी आलेला घास त्यांनी तिकिटांच्या गल्ल्यापायी घालवला.

1958 च्या विश्वचषकात ऑस्ट्रियाच्या गटात ब्राझील, इंग्लंड आणि सोव्हिएत संघ. एकही विजय नाही. ब्राझीलने 3-0 ने हरवलं. 1959 ला हापेलने बूट टांगले.

त्यानंतर काही काळ रॅपिडचंच काम पाहून 1962 मध्ये तो नेदरलँड्सला, हेगच्या एडीओ संघाकडे गेला. डच फुटबॉल तेव्हा युरोपात कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. 1968 ला त्याने एडीओला डच कप मिळवून दिला, तोही अंतिम सामन्यात आयाक्सला हरवून. पुढच्या वर्षी रॉटरडॅमच्या फेयेनूर्डने त्याला बोलावलं.

फेयेनूर्डने त्या हंगामात आधी गतविजेत्या मिलानला बाहेर काढलं. मग 6 मे 1970 ला, मिलान शहरातल्याच सान सिरोवर, अंतिम सामन्यात समोर सेल्टिक. सेल्टिकने 1967 ला कप जिंकलेला, सगळ्यांची पसंती त्यांनाच. हापेलने अंतिम सामन्यासाठी हंगामभर खेळलेल्या गोलरक्षकाला बसवून अनुभवी एडी पीटर्स ग्राफलंडला आणलं. मधल्या फळीत वान हानेगेमच्या जोडीला व्हिएन्नाचाच फ्रान्झ हासिल. सेल्टिकने पहिला गोल केला. दोनच मिनिटांत बरोबरी साधली ती कर्णधार रिनुस इस्राएलने, आणि इस्राएल बचावपटू. जादा वेळेत तीन मिनिटं उरली असताना शिंदवालचा गोल. नेदरलँड्सला युरोपियन कप पहिल्यांदा मिळाला तो असा. आम्सटरडॅमच्या आयाक्सची तीन विजेतेपदं आणि खेळाडू क्रॉइफ व प्रशिक्षक मिखेल्स यांचं नाव त्यानंतरचं. 'टोटल फुटबॉल'चं, म्हणजे सगळ्यांनी मिळून हल्ला आणि बचाव करण्याच्या पद्धतीचं, सगळं श्रेय आम्सटरडॅमला देऊन टाकणाऱ्यांनी हा क्रम विसरू नये.

हापेलच्या संघांची ओळख म्हणजे पुढे सरकून उभी राहणारी बचावफळी. चेंडू गेला की मागे पळायचं नाही, जिथे गेला तिथेच जाऊन घेरायचं, आणि मागच्या चौघांनी एकदम पुढे पाऊल टाकून प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइड करायचं. कबड्डीत साखळी करून चढाई करणाऱ्याला पकडतात तसं हे काम: एकाचा हात सुटला किंवा एक जण अर्धं पाऊल मागे राहिला की सगळी साखळी फुकट. खेळाडू असताना ज्याला धावायचा कंटाळा, तो आता आपल्या माणसांना नव्वद मिनिटं धावायला लावत होता. यात मला विसंगती दिसत नाही. स्टॉपरला सगळं मैदान समोर दिसतं. पुढच्या फळीतला एक माणूस परत येण्यात आळस करतो तेव्हा त्याची किंमत मागे कोणाला मोजावी लागते, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

ब्रुज क्लबला त्याने 1976, 77 आणि 78 अशी सलग तीन बेल्जियन विजेतेपदं दिली. 1978 च्या मे महिन्यात वेम्बलीवर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात ब्रुज लिव्हरपूलकडून 1-0 ने हरला, आणि जूनमध्ये हापेल नेदरलँड्सचा संघ घेऊन अर्जेंटिनात विश्वचषकाला हजर. क्रॉइफ आलेला नव्हता. दुसऱ्या फेरीत समोर आला ऑस्ट्रिया. नेदरलँड्सने त्यांना 5-1 ने हरवलं, पहिला गोल बचावपटू एर्नी ब्रांट्सचा. इटलीविरुद्ध याच ब्रांट्सने आधी स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारला आणि नंतर बरोबरीचा गोल करून तो फेडला. अंतिम सामन्यात 1-1 असताना शेवटच्या मिनिटाला नेदरलँड्सच्या रेन्सेनब्रिंकचा फटका खांबाला लागून परतला. जादा वेळेत अर्जेंटिना 3-1 ने जिंकला. सात आठवड्यांच्या आत दोन अंतिम सामने गमावले.

पुढे लिएज, आणि मग 1981 ला हॅम्बुर्ग. तिथे व्यवस्थापक होता ग्युंटर नेट्झर. 1982 आणि 1983 ची जर्मन विजेतेपदं, मधे लीगमध्ये सलग 36 सामने अपराजित. आणि 25 मे 1983 ला अथेन्समध्ये युरोपियन कपचा अंतिम सामना, युव्हेंटसशी. झोफ, जेंटिले, रोस्सी, प्लातिनी, बोनिएक. निम्मा संघ आदल्या वर्षीच्या विश्वविजेत्या इटलीचा. क्लाउदियो जेंटिले हा माणसाला जळूसारखा चिकटणारा बचावपटू. 1982 च्या विश्वचषकात त्याने माराडोनाला हलू दिलं नव्हतं. हापेलने काय केलं? जेंटिले ज्याला धरणार होता त्या लार्स बास्ट्रुपला त्याने बाजू बदलून खेळवलं. जेंटिले आपल्या माणसामागे गेला आणि त्याची जागा मोकळी पडली. नवव्या मिनिटाला फेलिक्स मागाथने चेंडू घेतला, थोडा आत आला आणि लांबून मारला. झोफ नुसता पाहत राहिला. 1-0, तोच शेवट. उलट बाजूला प्लातिनीच्या मागे हापेलने व्होल्फगांग रोल्फला लावून ठेवलं होतं, म्हणजे माणूस धरण्याचं त्याला वावडं नव्हतं. ते कधी फायद्याचं आणि कधी अंगाशी येणारं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. 1949 साली ब्राझीलमध्ये जे पाहिलं, ते 34 वर्षांनी अथेन्समध्ये असं वापरलं गेलं.

बोलणं कमी, व्हिएन्नी आणि डच मिसळलेलं. पत्रकारांना तो फटकून असे. फुटबॉलविना गेलेला दिवस वाया गेलेला दिवस, एवढं त्याचं एक म्हणणं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं. 1987 मध्ये हॅम्बुर्गला जर्मन कप देऊन तो मायदेशी, इन्सब्रुकच्या संघाकडे आला आणि 1989, 1990 ची ऑस्ट्रियन विजेतेपदं मिळवली. 1992 च्या सुरुवातीला त्याने राष्ट्रीय संघ हाती घेतला तेव्हा फुप्फुसांचा कर्करोग बळावलेला होता. तरी तो बाकावर बसत राहिला. 14 नोव्हेंबर 1992 ला इन्सब्रुकमध्ये तो गेला, वयाच्या 66 व्या वर्षी. रेआलविरुद्धच्या त्या रात्रीला त्या दिवशी बरोबर 36 वर्षं झाली होती. चार दिवसांनी न्युर्नबर्गला जर्मनीशी सामना होता. सहायक डीडी कोन्स्टान्टिनीने संघ उतरवला. बाकावर हापेलची टोपी ठेवली होती. निकाल 0-0. ज्या जर्मनीने बाझलमध्ये त्याच्या फळीला सहा गोल मारले होते, त्यांना त्या दिवशी एकही मारता आला नाही.

2025 पर्यंत दोन वेगवेगळ्या क्लबांना युरोपियन कप जिंकून देणारे सात प्रशिक्षक झाले: हापेल, हिट्झफेल्ड, मोरिन्यो, हाइंकेस, आन्चेलोत्ती, ग्वार्दिओला आणि लुइस एन्रिके. हिट्झफेल्ड आणि हाइंकेस आघाडीचे खेळाडू, बाकीचे मधल्या फळीतले किंवा पुढे खेळलेले. बचावपटू म्हणून कारकीर्द घडवलेला त्यांच्यात एकच आहे, आणि तो या यादीत सगळ्यात आधी आला.